एकाच नावाचे चार फोल्डर : अक्कलकोट रोडवरच्या टॉवेल कारखान्यातलं एक प्रकरण

सोमवारी सकाळी सव्वानऊला फोन आला. "सर, लायब्ररीतले फोल्डरच दिसंना झालेत. सगळ्या पार्ट्या गायब. लवकर या." मी विचारलं, कोणती लायब्ररी? पलीकडून कारखान्याचे मालक हसले, पण हसण्यात जीव नव्हता. "आम्हाला लायब्ररी म्हणजे हिराचंद नेमचंद वाचनालय. ही तुमची काय ती तुम्हालाच ठाऊक. पोरगं म्हणतंय लायब्ररी, म्हणून मी पण म्हणायलोय."

फोन ठेवता ठेवता मी सांगितलं की मी येईपर्यंत काही डिलीट करू नका, काही कॉपी करू नका. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. इथे ते सांगायला दीड दिवस उशीर झाला होता, पण ते मला पोचल्यावर कळलं.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला हा टॉवेलचा कारखाना. डिझाइनचं काम एका काचेच्या खोलीत चालतं. तिथल्या कॉम्प्युटरवर अजून विंडोज ७ आहे, आणि मी ते बदला असं म्हणत नाही. जकार्डचं, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राचं, डिझाइन करायचं त्यांचं सॉफ्टवेअर जुनं आहे, त्याचं डाँगल, म्हणजे सॉफ्टवेअर चालू व्हायला कॉम्प्युटरला लावावी लागणारी किल्ली, नव्या विंडोजवर चालत नाही, नवीन घ्यायचं तर खर्च मोठा. विंडोज ७ला मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये रामराम केला, म्हणून त्या मशीनला इंटरनेट तोडून ठेवलंय. ऑफिसातला दुसरा कॉम्प्युटर विंडोज १०चा आहे.

डिझाइन करणारे गृहस्थ साठीच्या पुढचे. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही. मामा कामगारांशी तेलुगूत बोलतात, मालकांशी मराठीत आणि कॉम्प्युटरशी दोन्हींत. मालकांचा पुतण्या कॉलेज करून दुपारी येतो आणि 'कॉम्प्युटरचं' बघतो.

आधी गेले कुठे ते बघू. डावीकडे लायब्ररीज, त्याखाली 'डिझाइन' नावाची लायब्ररी. ती उघडली की एरवी पार्टीवार, म्हणजे गिऱ्हाइकवार, फोल्डर दिसायचे, त्यात काठ, मधला भाग, रंगसंगती असे पोटफोल्डर. आज तिथे पत्त्यांच्या कॅटासारखे गठ्ठे होते आणि प्रत्येकाखाली महिना आणि वर्ष. एका गठ्ठ्यावर क्लिक केलं की त्या महिन्यातली सगळ्या पार्ट्यांची डिझाइनं एकत्र. मुंबईच्या हॉटेलचं डिझाइन, त्याच्या शेजारी गुजरातच्या व्यापाऱ्याचं, त्याच्या शेजारी कुणाच्या तरी लग्नाच्या आहेराचं.

इथे थोडं थांबून लायब्ररी ही काय चीज आहे ते सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला. विंडोज ७ हे २००९ साली आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टने ही कल्पना आणली. लायब्ररी हा फोल्डर नाही. दोन-चार वेगवेगळ्या ठिकाणचे फोल्डर एका नावाखाली दाखवणारी ती एक यादी आहे. यादीची फाईल एवढीशी असते, युजरच्या ॲपडेटा फोल्डरात खोल कुठेतरी, आणि नोटपॅडमध्ये उघडली तर आत मुख्यतः पत्ते दिसतात : अमुक ड्राइव्हवरचा अमुक फोल्डर, तमुक ड्राइव्हवरचा तमुक. मामांना मी ते त्यांच्याच भाषेत सांगितलं. गोडाऊनमध्ये जुन्या जकार्डच्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळा टांगलेल्या असतात. कोणती माळ कुठल्या खुंटीला, हे तुमच्या वहीत असतं. लायब्ररी म्हणजे ती वही. वही फाडली तर माळा जात नाहीत. मामा म्हणाले, "बरोबर. पण वहीत बघून कुणी माळच कापली तर?"

तो प्रश्न मी तेव्हा नुसता हसून सोडला. सोडायला नको होता.

कारण या वहीत एक खोट आहे. लायब्ररी स्वतः डिलीट केली तर फायली जात नाहीत. लायब्ररीतून एखादं ठिकाण 'रिमूव्ह' केलं तरी जात नाहीत. पण लायब्ररीच्या आत दिसणारा पोटफोल्डर निवडून डिलीटचं बटण दाबलं, तर खरा फोल्डर जातो. तीन कृती दिसायला सारख्या, परिणाम मात्र दोन टोकांचे. ज्याने हे असं बनवलं त्याने कधी सामायिक कॉम्प्युटरवर काम केलं नसावं असं माझं मत आहे.

असो. गठ्ठ्यांचं कारण दोन मिनिटांत सापडलं. विंडोज ७च्या लायब्ररीत उजव्या बाजूला वर 'ॲरेंज बाय' असा एक छोटा पर्याय असतो. तिथे 'फोल्डर' असेल तरच फोल्डर आणि पोटफोल्डर जसेच्या तसे दिसतात. दुसरं काहीही निवडलं की लायब्ररी फोल्डरांच्या भिंती पाडून सगळ्या फायली एकत्र करते आणि नव्याने वाटे पाडते. यातले पर्यायही सगळीकडे सारखे नसतात. लायब्ररी कागदपत्रांसाठी लावलेली असेल तर लेखक, तारीख, प्रकार असं विचारते. चित्रांसाठी लावलेली असेल तर महिना, दिवस, रेटिंग, टॅग. डिझाइनच्या फायली बीएमपी, म्हणजे चित्राच्या प्रकारातल्या, असल्यामुळे पूर्वी कुणीतरी ही लायब्ररी चित्रांसाठी लावली होती, तशी छोटी चित्रं ठसठशीत दिसतात. शनिवारी पुतण्याला या महिन्यातली नवी डिझाइनं बघायची होती. त्याने 'मंथ' दाबलं. बघून झाल्यावर खिडकी बंद केली. विंडोजने ते लक्षात ठेवलं.

खरा फोल्डर शाबूत आहे हे दाखवायला मी एका फाईलवर उजवं क्लिक करून 'ओपन फाईल लोकेशन' घेतलं. थेट डी ड्राइव्हवर गेलो. तिथे सगळ्या पार्ट्या, सगळे पोटफोल्डर, जागच्या जागी. मग लायब्ररीत परत येऊन ॲरेंज बाय 'फोल्डर' केलं, झालं. इंटरनेटवर या तक्रारीवर पहिला सल्ला बहुधा रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या कोठारातल्या, बॅग्ज नावाच्या नोंदी पुसायचा असतो. फोल्डर कसे दिसावेत हे तिथे साठवलेलं असतं हे खरं, पण दाराची कडी लागलीय की नाही हे न बघता भिंत फोडायला निघण्यातला तो प्रकार आहे. मी रजिस्ट्रीला हात लावला नाही.

मालकांनी चहा मागवला. मी बॅग भरायला घेतली. तेवढ्यात मामा म्हणाले, "आता ते चौदा सालचं काढा की. हॉटेलवाल्याची रिपीट ऑर्डर आहे, दोन माग त्याच्यासाठी मोकळे ठेवलेत."

जुनी वर्षं डी ड्राइव्हवर नव्हती. ती एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर होती, आणि तोही पत्ता याच लायब्ररीत घातलेला होता. डिस्क लावलेली होती. आत गेलो तर एकच फोल्डर, नाव 'माय डॉक्युमेंट्स'. त्यात २०१६ची डिझाइनं.

"बाकीची वर्षं?"

पुतण्या दारात उभा होता. त्या दिवशी कॉलेज बुडवून आला होता, यावरूनच मला कळायला हवं होतं. तो हळूच म्हणाला, "सर, तिथं एकाच नावाचे चार फोल्डर होते. सगळे माय डॉक्युमेंट्स. उघडून पण बघितलं, आत त्याच त्याच पार्ट्यांची नावं. मला वाटलं डबल-डबल कॉपी झाल्यात. तीन काढून टाकले."

मालक काही बोलले नाहीत. त्यांनी चहाचा कप नुसता बाजूला सरकवला.

शनिवारचा क्रम आता जुळला. महिन्याच्या गठ्ठ्यांमुळे फोल्डर दिसेनात, म्हणून तो शोधत शोधत बॅकअपच्या डिस्कवर गेला. तिथे एका नावाचे चार फोल्डर. लायब्ररीत गोंधळ झालाय तो या डबल कॉप्यांमुळेच, असा त्याचा तर्क. चुकीचा, पण वेडगळ नाही. चार वर्षांच्या चार फोल्डरांत पार्ट्या त्याच, म्हणजे पोटफोल्डरांची नावं तीच. वरवर बघणारा फसेलच.

मात्र एक गोष्ट त्याला कुणी कधी सांगितली नव्हती आणि या प्रकरणातली सगळ्यात उपयोगाची तीच आहे. विंडोजमध्ये एका फोल्डरच्या पोटात एकाच नावाचे दोन फोल्डर असू शकत नाहीत. करायला गेलात तर तो होऊच देत नाही. लायब्ररीत वेगवेगळ्या ड्राइव्हवरचे एकाच नावाचे दोन फोल्डर शेजारी दिसू शकतात, कारण ते दोन ठिकाणचे असतात. पण एकाच डिस्कवर, एकाच जागी, चार 'माय डॉक्युमेंट्स'? मग ती त्यांची खरी नावं नव्हेत. दिसणारं नाव आणि असलेलं नाव वेगळं आहे.

मी काळी खिडकी, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट, उघडली आणि डीआयआर ही आज्ञा दिली. ती सजावट दाखवत नाही, डिस्कवर जे नाव आहे तेच छापते. उरलेल्या फोल्डरचं खरं नाव निघालं २०१६. एक्स्प्लोरर त्यालाच 'माय डॉक्युमेंट्स' म्हणत होता.

याचं कारण डेस्कटॉप डॉट आयएनआय नावाची लपवलेली फाईल. विंडोज आपल्या खास फोल्डरांत, म्हणजे डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक वगैरेंत, ही फाईल ठेवतं. हा फोल्डर कोणत्या नावाने दाखवायचा, कोणतं चिन्ह लावायचं, हे तिच्यात लिहिलेलं असतं. वेगवेगळ्या भाषांतल्या विंडोजमध्ये फोल्डरचं खरं नाव तेच ठेवून दिसणारं नाव बदलता यावं, ही त्यामागची सोय. आधीच्या कुणा कॉम्प्युटरवाल्याने दर वर्षअखेरीला मामांचा अख्खा डॉक्युमेंट्स फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवला, वर्षाचं नाव दिलं. डिझाइनांबरोबर ती लपलेली फाईलही उतरली, फोल्डरचे गुणधर्मही उतरले. त्यामुळे २०१३, १४, १५ आणि १६ ही चारही वर्षं पडद्यावर 'माय डॉक्युमेंट्स' झाली. मामांनी ती डिस्क फार क्वचित उघडली असणार, नाहीतर ते बोलले असते. हीच तक्रार मी आधी एका शाळेत आणि एका सीएच्या ऑफिसातही पाहिली आहे. सगळ्या कर्मचाऱ्यांचे फोल्डर सर्व्हरवर एकाच नावाने दिसायचे आणि ज्याला जे सापडेल ते तो उघडायचा.

आता उरला तो खरा प्रश्न : तीन वर्षं.

टोपली, म्हणजे रिसायकल बिन, उघडली. बाहेरची यूएसबी हार्ड डिस्क असेल तर डिलीट केलेलं टोपलीत जातं. पेनड्राइव्हचं तसं नाही, तिथे गेलं ते गेलं, आणि नेटवर्कवरच्या फोल्डरचंही तसंच. आपलं नशीब की ही हार्ड डिस्क होती. टोपलीत २०१३ आणि २०१५ सापडले. रिस्टोअर केले, दहा-बारा मिनिटं लागली.

२०१४ नव्हता.

पुतण्याला विचारलं, एखादा मोठा मेसेज आला होता का? आला होता. फोल्डर टोपलीसाठी फार मोठा आहे, कायमचा काढू का, असं काहीसं. त्याने 'येस' दाबलं. त्या वर्षी मामांनी मागावरच्या नमुन्यांचे व्हिडिओ त्याच फोल्डरात ठेवले होते, म्हणून तो फुगला होता. टोपलीला प्रत्येक डिस्कवर मर्यादा असते, त्याहून मोठं काही तिच्यात मावत नाही आणि विंडोज एकदाच विचारून मोकळं होतं.

"आणि त्यानंतर या डिस्कवर काही कॉपी केलंस?"

"हो सर. डी ड्राइव्हचा बॅकअप घेतला. सेफ्टीसाठी."

मी डिस्क लगेच काढली. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर फाईल डिलीट केली म्हणजे तिची नोंद 'मोकळी' अशी होते, मजकूर तसाच पडून राहतो, जोवर त्यावर दुसरं काही लिहिलं जात नाही. एसएसडी असती तर हेही भाग्य नसतं, तिथे मोकळी झालेली जागा बहुधा लवकरच पुसली जाते. म्हणजे पुतण्याने डिलीट केलं त्याने फारसं बिघडलं नव्हतं. सेफ्टीसाठी घेतलेल्या बॅकअपने जितका २०१४ झाकला तितकाच गेला होता.

डिस्क घरी आणली, माझ्या मशीनला फक्त वाचण्यापुरती जोडली आणि रिकव्हरीचं सॉफ्टवेअर रात्रभर चालवलं. सापडेल ते सगळं तिसऱ्याच डिस्कवर उतरवायचं, त्याच डिस्कवर कधीच नाही. एप्रिलचा महिना, रात्री अकरालाही खोली तापलेली, डिस्कला पंखा आणि मला पण पंखा. सोलापुरात उन्हाळ्यात रिकव्हरीला बसायचं म्हणजे आधी डिस्क गार ठेवायची. पहाटे बघितलं तर फोल्डरची बहुतेक रचना परत आली होती, नावांसकट. हॉटेलवाल्याची फाईलही होती. उघडली तर वरचा अर्धा भाग करडा.

यात एक गंमत आहे जी मला मामांमुळे कळली. मी म्हणालो, वरचा भाग गेला म्हणजे फाईलची सुरुवात गेली असणार. नंतर आठवलं की बीएमपीमध्ये चित्राच्या ओळी सहसा खालून वर साठवतात. म्हणजे फाईलची सुरुवात ही चित्राची तळाची ओळ. माझ्या फाईलचं शेपूट नव्या बॅकअपखाली दबलं होतं म्हणून चित्राचा वरचा भाग नाही, खालचा शाबूत. मामांना फाईल दाखवली. जकार्डच्या या चित्रात एक चौकोन म्हणजे ताण्याचा एक उभा धागा आणि बाण्याचा एक आडवा धागा जिथे भेटतात ती जागा, रंग म्हणजे तिथली वीण. म्हणजे अर्धं चित्र गेलं तर अर्धा टॉवेल गेला. मामांनी मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणाले, "खालचा काठ आहे. हॉटेलचं नाव खालच्याच काठात होतं. वरचा काठ म्हणजे हाच उलटा, फक्त नावाशिवाय. मधला भाग साधा. अर्ध्या दिवसाचं काम आहे." खालचा काठ उलटवून वर लावला, नावाच्या जागी पट्टी भरली. बुधवारी संध्याकाळी दोन्ही माग चालू झाले.

उरलेलं आवरायला गुरुवारी गेलो. बॅकअपच्या चारही वर्षांच्या फोल्डरांतून डेस्कटॉप डॉट आयएनआय काढली. लपवलेल्या आणि संरक्षित फायली दाखवण्याचा पर्याय चालू केला की ती दिसते, काढताना विंडोज कुरकुरतं, काढू द्यायची. एफ५ दाबलं आणि चार 'माय डॉक्युमेंट्स'चे २०१३, २०१४, २०१५, २०१६ झाले. पुतण्या 'अरे!' म्हणाला. पण हे फक्त बॅकअपच्या कॉपीत करायचं. चालू युजरच्या खऱ्या डॉक्युमेंट्स फोल्डरातली ती फाईल तिथेच राहू द्यायची.

लायब्ररीतून बॅकअपची डिस्क मी काढूनच टाकली, 'रिमूव्ह' करून. बॅकअप रोजच्या कामाच्या यादीत दिसता कामा नये, दिसला की कुणीतरी तो 'नीट' करायला जातंच. लायब्ररीत फक्त डी ड्राइव्ह ठेवला. डावीकडच्या झाडात आपण ज्या पोटफोल्डरात आहोत तो आपोआप उघडावा असाही एक पर्याय फोल्डर ऑप्शन्समध्ये असतो, त्यावर टिक केली. मामांना कुठे आहोत ते बघायला बरं पडतं.

मालकांना आता लायब्ररीची गोडी लागली होती. ऑफिसच्या विंडोज १०वर पण हीच पाहिजे म्हणाले. तिथे लायब्ररीज मुळात लपवलेल्याच असतात, व्ह्यूमधल्या नॅव्हिगेशन पेनमध्ये जाऊन दाखवाव्या लागतात. दाखवल्या. पण डिझाइन मशीनवरचा शेअर केलेला फोल्डर त्यात घालायला गेलो तर नकार : ही नेटवर्कची जागा इंडेक्स झालेली नाही, म्हणजे शोधासाठी तिची सूची बनलेली नाही, म्हणून घेता येत नाही. त्यावर दोन उपाय आहेत. एक, डिझाइन मशीनवर तो फोल्डर विंडोज सर्चकडून इंडेक्स करून घ्यायचा. दोन, ऑफिसच्या मशीनवर त्याची ऑफलाइन प्रत ठेवायची, जी होम आवृत्तीत जमतच नाही, आणि ऑफिसचं विंडोज होमच होतं. मी दोन्ही केले नाहीत. ऑफिसच्या मशीनवर त्या फोल्डरचा एक शॉर्टकट दिला आणि तो फक्त वाचण्यापुरता ठेवला. मालक जरा हिरमुसले. पण मालकांनाही डिझाइन डिलीट करता येऊ नये, असं मामांचं स्पष्ट मत पडलं आणि त्यावर कुणी काही बोललं नाही.

पुतण्याला मी एकच सवय लावून दिली. काहीही काढायच्या आधी उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, आणि 'लोकेशन'ची ओळ मोठ्याने वाचायची. परवा फोन करून त्याने मला सांगितलं की त्याने मामेभावाच्या लॅपटॉपवरचे तीन 'डाउनलोड्स' असेच पकडले. दोन खरे होते, एकावर लपलेल्या फाईलने नाव चढवलं होतं.

२०१४मधल्या तेवीस फायली पूर्ण सापडल्या नाहीत. त्यांतल्या सहांच्या पुठ्ठ्यांच्या माळा गोडाऊनमध्ये अजून टांगलेल्या आहेत. प्रत्येक पुठ्ठा म्हणजे एक पिक, बाण्याचा एक धागा, प्रत्येक भोक म्हणजे ताण्याचे धागे वर उचलणारा हूक, म्हणजे भोकं मोजून चित्र पुन्हा उभं करता येतं. मामांनी त्या माळा खाली काढून खोलीत आणून ठेवल्यात. पावसाळ्यात काम सैल असतं तेव्हा बसतो म्हणालेत, आणि पुतण्याने भोकं वाचून दाखवायची असं ठरलंय.